'बाहेरून' केलेले बी.एड. : नांदेड-लातूरकडील एका शिक्षणप्रवाहाचा मागोवा

मराठवाड्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या शिक्षककक्षात 'बी.एड. कुठून केलं?' असा प्रश्न निघाला, की दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. काही जण महाविद्यालयाचे नाव सांगतात. बाकीचे एवढेच म्हणतात, 'बाहेरून.' हा शब्द उच्चारताना आवाज किंचित खाली येतो, आणि ऐकणाराही पुढे काही विचारत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडून किंवा त्याआधी कुठल्यातरी पत्रद्वारा अभ्यासक्रमातून ज्यांनी अध्यापनाची पदवी मिळवली, त्यांच्या दोन पिढ्यांचा इतिहास या एका शब्दात दडलेला आहे. आपल्या प्रदेशाच्या शैक्षणिक इतिहासात स्वातंत्र्यसंग्रामातील राष्ट्रीय शाळा येतात, विद्यापीठांची स्थापना येते, अलीकडे 'लातूर पॅटर्न'ही येतो. 'बाहेरून' शिकलेल्या शिक्षकाला मात्र त्यात जागा मिळालेली नाही. या लेखात त्या शिक्षकाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम हा शिक्षक निर्माण का झाला, ते पाहणे आवश्यक आहे. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा (लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला) १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू हे माध्यम स्वीकारले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य करूनही मराठी मुलांच्या दृष्टीने ते परभाषेतील शिक्षणच होते, हे विसरता येत नाही. मराठीतून शिकवण्याची आस असणाऱ्यांना स्वतःच्या शाळा उभाराव्या लागल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय ही त्यांतील ठळक नावे. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते. तेथील अध्यापकांची पात्रता त्यांच्या त्यागावर व व्यासंगावर ठरत असे. त्यांच्याकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे की नाही, असे कोणी विचारत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या परंपरेला नवे वळण लागले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. पाठोपाठ तालुक्याच्या गावी आणि नंतर मोठ्या खेड्यांतही माध्यमिक शाळा निघाल्या. शाळा वाढल्या त्या वेगाने प्रशिक्षण महाविद्यालये वाढली नाहीत. बी.ए. झालेला गावातला तरुण संस्थाचालकांच्या बोलावण्यावरून शाळेत येई आणि दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर उभा राही. नरहर कुरुंदकरांचे उदाहरण यासंदर्भात आठवते. पीपल्स कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी अनेक वर्षे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत होते, आणि परीक्षांच्या बाबतीत त्यांची वाट मुळीच सरळ नव्हती. अर्थात सगळेच अप्रशिक्षित शिक्षक कुरुंदकर नव्हते. पण शिकवणे आधी आणि कागद नंतर, हा क्रम या प्रदेशात अपवादाचा नव्हता, एवढे त्यावरून लक्षात यावे.

हा क्रम कायद्याला मान्य होणे शक्य नव्हते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा अधिनियम आला आणि त्याखाली १९८१ ची नियमावली आली. प्रशिक्षित उमेदवार मिळत नसेल तर अप्रशिक्षित पदवीधराला नेमण्याची मुभा या नियमावलीत आहे. मात्र ती नेमणूक वर्षावर्षाची, शिक्षकाने प्रशिक्षण स्वखर्चाने पूर्ण करायचे, आणि प्रशिक्षित उमेदवार उपलब्ध झाला की अप्रशिक्षिताची सेवा संपुष्टात येऊ शकते. 'अनुसूची फ' हे शब्द शिक्षकांच्या बोलण्यात आजही येतात ते ज्येष्ठतेमुळे. पदवीधर शिक्षक ज्या दिवशी प्रशिक्षित होतो, त्या दिवसापासून प्रशिक्षितांच्या गटातील त्याची ज्येष्ठता धरली जाते. त्याआधी त्याने दहा वर्षे शिकवलेले असले, तरी यादीत तो त्याच्यानंतर नेमल्या गेलेल्या प्रशिक्षिताच्या खाली जातो.

याचा अर्थ मला घरातच कळला. माझे थोरले बंधू कंधार तालुक्यातील एका शाळेत नव्वदच्या दशकाच्या आरंभी रुजू झाले. मराठी आणि इतिहास शिकवत. शाळा विनाअनुदानित होती, म्हणून पगार नावाला. दोन वर्षांनी तिथे बी.एड. झालेले एक गृहस्थ आले. वयाने ते भाऊंपेक्षा लहान, त्यांना 'सर' म्हणूनच हाक मारणारे आणि स्वभावाने चांगले. पुढे मुख्याध्यापकपद रिकामे झाले तेव्हा यादीत त्यांचे नाव वर होते. त्यात त्यांचा दोष नव्हता, आणि नियमाप्रमाणे पाहिले तर कोणाचाच नव्हता. भाऊ त्या दिवशी घरी आले आणि आईला म्हणाले, 'मी शाळेत आधी गेलो, पण शिक्षक नंतर झालो.' हे वाक्य मला अनेक वर्षे कोड्यासारखे वाटत असे.

नोकरी सोडून वर्षभर जिल्ह्याच्या गावी राहून नियमित बी.एड. करणे भाऊंना शक्य नव्हते. वर्षावर्षाची नेमणूक असलेल्या माणसाने वर्षभर रजा मागणे म्हणजे जागा सोडणेच होय. घरची कोरडवाहू शेती आणि शिकणारी धाकटी भावंडे हेही होतेच. प्रशिक्षण घेतल्याशिवाय नोकरी पक्की नाही, आणि नोकरी सोडल्याशिवाय प्रशिक्षण नाही, अशा पेचात त्या काळी या दोन जिल्ह्यांतील असंख्य शिक्षक सापडले होते. दूरशिक्षणाने सोडवला तो हा पेच.

दूरशिक्षणाची कल्पना अर्थातच इथे जन्मलेली नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९६६ पासून भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी सेवेतील शिक्षकांसाठी एक मिश्र योजना राबवली : दोन उन्हाळी सुट्ट्यांत प्रत्यक्ष वर्ग आणि मधल्या काळात टपालाने पाठ. शिक्षक शाळेतून न हलता प्रशिक्षित व्हावा, हे सूत्र त्यात प्रथम स्पष्ट दिसते. महाराष्ट्र भोपाळच्या कक्षेत येत असे. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४–६६) अप्रशिक्षित शिक्षकांचा साचलेला अनुशेष पत्रद्वारा व अंशकालीन शिक्षणाने भरून काढावा, असे सुचवले. या आयोगाचे सदस्य-सचिव मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, याची आठवण येथे ठेवायला हवी.

पत्रद्वारा शिक्षणाकडून मुक्त शिक्षणाकडे झालेला पुढचा प्रवास आपल्या शेजारून झाला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे (१९६९) उदाहरण समोर ठेवून १९८२ मध्ये हैदराबादेत आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ निघाले. ते देशातले पहिले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे नव्या विद्यापीठाचे बोधवाक्य. नांदेडला त्याचे विभागीय केंद्र झाले आणि लातूर, परभणी व पुढे हिंगोली हे जिल्हे त्याला जोडले गेले. नांदेडहून नाशिक साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. किनवटच्या शिक्षकाला नांदेड गाठायचे, तरी सव्वाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. अशा भूगोलात विभागीय केंद्र आणि त्याखालील अभ्यासकेंद्रे म्हणजे केवळ कार्यालयीन सोय नव्हती. ती नसती तर हे शिक्षण इथवर पोचलेच नसते.

मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.ची रचना पाहिली, तर तिच्यामागचा विचार ध्यानात येतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि माध्यम मराठी. नियमित बी.एड. तेव्हा एका वर्षाचे होते. प्रवेशासाठी पदवी हवी, आणि पदवीइतकाच अध्यापनाचा अनुभव हवा. म्हणजे सेवेत नसलेल्याला येथे प्रवेशच नव्हता. पुस्तके हाती येत. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे होत. तिथे शिकवणाऱ्याला 'व्याख्याता' न म्हणता 'समंत्रक' म्हणत. स्वाध्याय लिहून द्यायचे, सूक्ष्म अध्यापन करायचे, आणि सरावपाठ बरेचसे स्वतःच्याच शाळेत घ्यायचे. नियमित विद्यार्थ्याला सरावासाठी परक्या शाळेत पाठवावे लागते. वर्ग त्याचा नसतो, मुले त्याला ओळखत नसतात, आणि पाठ संपला की त्याचा त्या मुलांशी संबंध संपतो. मुक्त बी.एड.च्या विद्यार्थ्याला मात्र आज वाचलेले उद्या सकाळी स्वतःच्या आठवीच्या वर्गात करून पाहता येत असे.

येथे 'बाहेरून' या शब्दाचा उलटा अर्थ दिसू लागतो. वर्षभर प्रशिक्षण महाविद्यालयात बसलेला विद्यार्थी शाळेच्या बाहेर होता. 'बाहेरून' शिकणारा सगळा वेळ वर्गाच्या आत होता. तो बाहेर होता तो महाविद्यालयाच्या इमारतीच्या, आणि आपण प्रतिष्ठा मोजतो ती इमारतीवरून.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासात आणखी एका गोष्टीचे कुतूहल वाटावे. ती म्हणजे या अभ्यासक्रमांच्या पुस्तकांतील मराठी गद्य. १९९६ च्या सुमारास आमच्या ओसरीवर भाऊंची पुस्तके पडलेली असत आणि शाळकरी वयात मी ती चाळत असे. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्येच स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, त्यांची उत्तरे शेवटी, आणि सारांश. त्या पुस्तकांचा लेखक वाचकाशी सरळ बोलत असे. हा भाग वाचून झाल्यावर तुम्हांला अमुक सांगता येईल, आता पुस्तक मिटून उत्तर लिहा, मग पुढे जा, असा त्याचा सूर होता. आपल्याकडील विद्यापीठीय ग्रंथ वाचकाला उद्देशून क्वचितच बोलतात. त्यांचा निवेदक कर्मणी प्रयोगाच्या आड उभा असतो. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकाला तसे करून चालत नाही, कारण समोर शिक्षक नाही. पुस्तकालाच शिक्षक व्हायचे असते. दिवसभर सहा तास घेऊन, शेतावर जाऊन, रात्री कंदिलाशी किंवा मिणमिणत्या दिव्याशी बसलेल्या माणसाला झोप लागू न देता मानसशास्त्रातील प्रेरणेची संकल्पना मराठीत समजावून सांगायची, हे सोपे गद्यलेखन नव्हे.

मराठी ज्ञानभाषा व्हावी, असे ठराव आपण साहित्य संमेलनांतून दरवर्षी करतो. ज्या काळात हे ठराव होत होते, त्याच काळात ती या पुस्तकांतून ज्ञानभाषा म्हणून वापरली जात होती. 'आशययुक्त अध्यापन', 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे', 'मूल्यमापन', 'समंत्रक', 'स्वाध्याय' यांसारखे शब्द गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी रुळले, त्यात प्रशिक्षण महाविद्यालयांबरोबर या पुस्तकांचाही वाटा आहे. उस्मानियाच्या काळात ज्या प्रदेशाला उच्च शिक्षणासाठी परभाषेत जावे लागले, त्याच प्रदेशातील शिक्षक शिक्षणशास्त्र मराठीतून, स्वतःच्या ओसरीवर बसून वाचत होता. पण मराठी गद्याचा इतिहास शिकवताना आपण निबंध, चरित्र, ललित गद्य यांच्यापुढे जात नाही. स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांवर एखाद्या विद्यार्थ्याने एम.फिल.साठी विषय मागितला असता, तर तो 'साहित्याचा विषय नाही' म्हणून परत पाठवला गेला असता. मीही कदाचित तेच केले असते, हे कबूल केले पाहिजे.

या साऱ्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हा लेख गौरवपर होईल. पुढे मी स्वतः एका अभ्यासकेंद्रावर बी.ए.च्या वर्गांसाठी समंत्रक म्हणून काम केले, आणि शेजारच्या खोलीतले बी.एड.चे वर्गही पाहिले. एकाच हस्ताक्षरातले चार जणांचे स्वाध्याय मी पाहिले आहेत. सरावपाठाचे टाचण व्यवस्थित लिहिलेले असे, पण पाठ कधी झाला हे विचारल्यावर शिक्षक दुसरीकडे पाहत. संपर्कसत्राला स्वाक्षरी करून दुपारची एस.टी. पकडणारेही होते. यांतील काही गोष्टींना आळस कारणीभूत होता आणि काहींना अंतर. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना १९८३ पासून महाराष्ट्रात परवानगी मिळू लागली, आणि २००० नंतर बी.एड., डी.एड. महाविद्यालयांचे पेव फुटले, तेव्हा 'आतून' केलेल्या बी.एड.मध्येही हे सगळे प्रकार होते. तिथल्या कागदी पाठांबद्दल कोणी दबक्या आवाजात बोलत नसे. गैरप्रकार दोन्हीकडे असताना कलंक एकाच बाजूला का लागला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर कोण शिकत होते यात आहे. दूरशिक्षणाकडे येणारे बहुतेक शिक्षक खेड्यातले, पहिल्या पिढीचे शिकलेले, कोरडवाहू घरांतले होते. शिक्षिकांना तर संसार आणि शाळा सांभाळून दुसरा मार्गच नव्हता.

या प्रवाहाचा पुढचा टप्पा त्याच्या मूळ हेतूपासून हळूहळू दूर गेला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा अधिनियम १९९३ मध्ये झाला आणि १९९५ पासून परिषद काम करू लागली. दूरशिक्षणाच्या बी.एड.वरही तिचे नियंत्रण आले. दरम्यान माध्यमिक शाळांत प्रशिक्षित उमेदवारांची वाण राहिली नाही. उलट ते रांगा लावून उभे होते. त्यामुळे अभ्यासकेंद्रांवर आता दिसू लागले ते जिल्हा परिषदेचे डी.एड. झालेले प्राथमिक शिक्षक. पदवीधर शिक्षक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी या पायऱ्या चढण्यासाठी त्यांना बी.एड. हवे होते. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने हे जणू पक्के केले. तिच्यानुसार दूरशिक्षणाच्या बी.एड.साठी प्रारंभिक शिक्षणातील सेवेत असलेला प्रशिक्षित शिक्षक, किंवा प्रत्यक्ष पद्धतीने अध्यापक शिक्षणाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेला उमेदवार, असा पात्र ठरला. अप्रशिक्षिताला प्रशिक्षित करण्यासाठी उघडलेले दार आता आधीच प्रशिक्षित असलेल्यासाठी राहिले. भाऊंसारखा शिक्षक आज त्या दारातून आत जाऊ शकणार नाही.

अप्रशिक्षितांचा प्रश्न देशपातळीवर मात्र पुन्हा एकदा दूरशिक्षणाकडेच आला. शिक्षणहक्क कायद्याने दिलेली मुदत २०१७ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढवण्यात आली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने सेवेतील अप्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासक्रम चालवला. त्यात बारा लाखांहून अधिक शिक्षकांनी नाव नोंदवले. देशात शिकवणारे आधी आणि शिक्षक म्हणून ओळख नंतर, हा क्रम स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनीही संपला नव्हता, हे या आकड्यातून दिसते.

आणि तो अजून संपलेला नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालात म्हटले, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनीही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावे. हा खटला महाराष्ट्रातूनच गेला होता. गुणवत्तेचा आग्रह चुकीचा आहे, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. पण वीस वर्षे शिकवून झाल्यावर रात्री पुन्हा पुस्तके उघडून बसलेल्या नांदेड-लातूरच्या शिक्षकांकडे पाहिले, की मला ती ओसरी आठवते. परीक्षेचे नाव बदलले, तरी प्रश्न तोच आहे : वर्गात घालवलेल्या वर्षांचे मोल कोणत्या कागदावर आणि कोणत्या तारखेपासून धरायचे?

भाऊ १९९८ मध्ये बी.एड. झाले. त्या वर्षीपासून त्यांची ज्येष्ठता मोजली गेली. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सेवापुस्तकात आधीची वर्षे होती, ज्येष्ठता यादीत नव्हती. मुख्याध्यापक ते झाले नाहीत. निरोपाच्या दिवशी त्यांना हार घालायला जे जुने विद्यार्थी आले, त्यांत सर्वांत वयस्क होते ते त्यांच्या अप्रशिक्षित वर्षांतले, आणि भाऊंनी त्यांची ओळख मला आवर्जून करून दिली.

मागच्या दिवाळीत घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरून त्यांची बी.एड.ची पुस्तके निघाली. कडांना वाळवी लागलेली, स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांखालच्या मोकळ्या ओळींत त्यांच्या अक्षरातली उत्तरे, आणि एका पानावर पेन्सिलने लिहिलेले, की हा प्रयोग नववी 'ब' वर करून पाहावा. रद्दीवाला दारात होता. मी ती पुस्तके ठेवून घेतली. आपल्या प्रदेशातल्या शेकडो माळ्यांवर अशी पुस्तके पडून असतील. ज्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय सापडत नाही, त्यांनी रद्दीवाल्याच्या आधी तिथे पोचावे, एवढेच सुचवतो.